ट्रायकोडर्मा आणि फ्युजेरियम: दोन तंतूंची गाठ चिपमध्ये कशी पाहिली

हरभऱ्याच्या मर रोगावर, म्हणजे फ्युजेरियम या मातीतल्या बुरशीने रोपं सुकवणाऱ्या रोगावर, काम करणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत इनक्युबेटर उघडलात, तर एक ठरावीक दृश्य दिसतं. ९ सेंटिमीटरची पेट्रीप्लेट, तिच्यात बटाटा-डेक्स्ट्रोज अगार हे जेलीसारखं खाद्य, एका कडेला फ्युजेरियमची पांढरी, कधी जांभळट झाक असलेली वाढ आणि समोरच्या कडेने तिच्यावर चाल करून येणारा हिरवा ट्रायकोडर्मा, म्हणजे फ्युजेरियमला रोखायला वापरतात ती दुसरी बुरशी. याला आम्ही ड्युअल कल्चर म्हणतो. आठवड्याभराने पट्टी घेऊन फ्युजेरियम किती वाढला ते मोजायचं, एकट्या वाढलेल्या फ्युजेरियमशी तुलना करायची आणि टक्केवारी काढायची. ट्रायकोडर्माच्या त्या वाणाच्या नावापुढे ती टक्केवारी लिहिली की चाचणी संपली. रिचर्ड वाइंडलिंग यांनी १९३२ साली ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीवर परजीवी म्हणून जगतो हे दाखवलं, तेव्हापासून आजवर हजारो वाण याच पद्धतीने निवडले गेले. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पण प्लेटमध्ये अव्वल आलेला वाण कुंडीत साधारण निघतो आणि प्लेटमध्ये मधल्या फळीत राहिलेला कुंडीत रोपं वाचवतो, हे इतक्या वेळा पाहिलं की त्या टक्केवारीवरचा माझा विश्वास हळूहळू उडाला.

माझे मामा वाशिम जिल्ह्यात हरभरा घेतात. पेरणीआधी किलोला ४-५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळून बीजप्रक्रिया करतात, शेणखतातही मिसळतात. एका रब्बीत शेतात ठिकठिकाणी रोपं माना टाकून बसली होती. मामांनी एक रोप उपटून त्याचं खोड माझ्यासमोर उभं चिरलं. आत तपकिरी-काळी रेघ स्पष्ट दिसत होती.

"अगं, कल्चर तर लावलं होतं. मग हे का झालं?"

"मामा, मातीत ते दोघं भेटल्यावर नेमकं काय होतं, ते आम्ही अजून नीट पाहिलेलंच नाही."

हे मी त्यांना टाळायला म्हटलं नव्हतं, खरंच तसं होतं. प्लेटवर दिसतो तो लाखो तंतूंचा, म्हणजे बुरशीच्या बारीक धाग्यांचा, एकत्रित निकाल. ट्रायकोडर्मा वेगाने वाढून जागा आणि अन्न बळकावतो, विषारी द्रव्यं सोडतो, समोरच्याच्या पेशीभिंती पचवणारी विकरं (एन्झाइम) सोडतो आणि थेट अंगावर चढून आतही शिरतो. प्लेटवर या चारही गोष्टी एकाच हिरव्या थराखाली झाकल्या जातात. त्यातली कुठली किती घडली हे पट्टीने कसं मोजणार?

२०२१ साली स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधल्या संशोधकांचा एक लेख वाचनात आला. गव्हाच्या कणसावर येणारा फ्युजेरियम ग्रॅमिनिएरम आणि त्याच्यावर जगणारी क्लोनोस्टॅकिस रोझिया या दोन बुरशींना त्यांनी मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये, सूक्ष्म नळ्यांमधून, अक्षरशः तंतूसमोर तंतू असं आणून सोडलं होतं आणि तासन्‌तास चित्रण केलं होतं. त्याआधी, २०१४ मध्ये, झुरिकच्या ईटीएच संस्थेतून असंच काम आलं होतं. तिथे कॉप्रिनॉप्सिस ही बुरशी आणि बॅसिलस सब्टिलिस हा जिवाणू समोरासमोर होते आणि जिवाणू तंतूला एका टोकाने चिकटून बसताना दिसले होते. हे वाचताना डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली: हरभऱ्याच्या फ्युजेरियमसाठी, आपल्याकडच्या ट्रायकोडर्माच्या वाणांसाठी, हे करायलाच हवं.

अगारवर हे का जमत नाही, ते थोडं सांगते. अगारवर तंतू वर, खाली, एकमेकांवरून कसेही वाढतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकावर एक थर येतात आणि कोण कुठून आला हे सांगता येत नाही. चिप म्हणजे सूक्ष्म वाटा असलेला पारदर्शक रबराचा तुकडा, काचेवर चिकटवलेला. तिच्यात छत आणि जमीन यांत फक्त काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर असतं. तंतू एकाच पातळीत राहतो, फोकसमध्ये राहतो आणि आपण आखून दिलेल्या वाटेनेच पुढे येतो. कोण कुणाला, कधी, कुठल्या बाजूने भेटला याची नोंद ठेवता येते. या तंत्राचं सगळं बळ यातच आहे.

आराखड्याला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि ज्यांना हे करायचं आहे त्यांनीही द्यावा. आमच्या फ्युजेरियमचे तंतू साधारण ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे, ट्रायकोडर्माचे त्याहून थोडे जाड. वाट ५-६ मायक्रॉन उंचीची ठेवली तर एक तंतू दुसऱ्यावरून जाऊ शकत नाही, चित्र स्वच्छ मिळतं. पण ट्रायकोडर्माची ओळखच मुळी समोरच्या तंतूला वेढे घालणारा अशी आहे, आणि वेढा घालायला वर-खाली जागा लागते. उथळ वाटेत त्याला वेढा घालता आला नाही आणि आपण लिहिलं की हा वाण वेढे घालत नाही, तर ते निरीक्षण चिपचं झालं, बुरशीचं नव्हे. म्हणून दोन उंचींचा आराखडा केला. दोन्ही बाजूंना बुरशी ठेवायच्या मोकळ्या खोल्या, तिथून निघणाऱ्या आणि अरुंद होत जाणाऱ्या उथळ वाटा, म्हणजे गर्दी गळून एकेकच तंतू पुढे सरकेल, आणि मधोमध २० मायक्रॉन उंचीच्या छोट्या भेटीच्या खोल्या. शिवाय प्रत्येक चिपवर काही वाटा अशा, ज्यांच्या दुसऱ्या टोकाला कुणीच नाही. एकटा तंतू त्या वाटेत कसा वागतो हे माहीत नसेल, तर भेटीत झालेला बदल भेटीमुळे झाला असं म्हणता येत नाही. अरुंद वाटेचाही तंतूवर परिणाम होतो. जपानमधल्या संशोधकांनी दाखवलंय की १ मायक्रॉनच्या फटीतून जाताना वेगाने वाढणाऱ्या काही बुरशींच्या टोकांची दिशाच हरवते, आणि सावकाश वाढणाऱ्या बुरशी त्याच फटीतून सहीसलामत बाहेर पडतात.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. सुरुवातीची खोली रुंद आणि उंची नगण्य असली, तर रबरासारखं छत मधोमध खचून काचेला चिकटतं. त्यामुळे खोलीत ठरावीक अंतरावर खांब लागतात.

चिपचं रबर ज्यावर ओततात तो साचा प्रयोगशाळेत होत नाही, त्याला क्लीनरूम, म्हणजे धूळ येऊ न देणारी खास खोली, लागते. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची आयआयएससी इथल्या नॅनो-सुविधा बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतात, हे आमच्या कृषी क्षेत्रातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. सिलिकॉनच्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, एसयू-८ नावाचं प्रकाशसंवेदी द्रव्य ओततात आणि चकती वेगाने फिरवून त्याचा पातळ थर करतात. थराची जाडी तीच पुढे वाटेची उंची होते. मग आराखड्याचा मास्क ठेवून अतिनील प्रकाश टाकतात. प्रकाश पडेल तिथलं एसयू-८ घट्ट होतं, बाकीचं धुऊन निघतं. दोन उंची हव्या असतील तर दुसरा थर पहिल्यावर अगदी नेमका जुळवावा लागतो, आणि तिथे क्लीनरूममधल्या इंजिनिअरच्या हाताला पर्याय नाही. ही खोली कायम पिवळ्या उजेडात असते, कारण निळा आणि अतिनील प्रकाश एसयू-८ ला चालत नाही. शेवटी साच्याला सिलेनची वाफ देऊन ठेवायची, नाहीतर पुढचं रबर त्यालाच चिकटतं. साचा एकदा नीट झाला की त्यावर चिपा काढत राहता येतात. मृदू लिथोग्राफी म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत १९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने रुळवली, आणि क्लीनरूमची पायरी चढायला न मिळणाऱ्या जीवशास्त्रज्ञांना चिप हाताशी आली ती तिच्यामुळेच.

तिथून पुढचं सगळं आपल्या टेबलावर. पीडीएमएस हे सिलिकोनचं रबर दोन भागांत मिळतं. मूळ द्रव १० भाग, घट्ट करणारं द्रव्य १ भाग, वजन करून घ्यायचं आणि प्लास्टिकच्या काडीने मनापासून ढवळायचं. ढवळताना ते बुडबुड्यांनी पांढरं होतं. मग व्हॅक्युम डेसिकेटरमध्ये ठेवायचं. बुडबुडे फुगून वर येतात, फुटतात आणि अर्ध्या-पाऊण तासात द्रव पाण्यासारखा पारदर्शक होतो. तो साच्यावर ओतायचा, ओव्हनमध्ये ७० अंशांवर काही तास ठेवायचा. घट्ट झालेलं रबर ब्लेडने कापून साच्यावरून सोलायचं. घाई केली तर वेफर तडकतो, म्हणून एका कोपऱ्यातून, हळूहळू. सोललेला तुकडा उजेडात तिरपा धरला की वाटांच्या बारीक समांतर रेघांवर इंद्रधनुषी रंग चमकतात. कुठे रेघ तुटली, कुठे दोन वाटा एक झाल्या, हे सूक्ष्मदर्शकाआधी डोळ्यांनाच कळतं.

त्वचेचा नमुना घ्यायला डॉक्टर वापरतात त्या पंचने दोन्ही टोकांना भोकं पाडायची. पंच धारदारच हवा. बोथट पंचाने रबर फाटतं, त्याचे कण वाटेत अडकतात आणि तिथूनच बुरशीला भलतीच फट मिळते. धूळ काढायला साधी चिकटपट्टी लावून ओढली की पुरते. मग चिप आणि काच दोन्ही प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, यंत्रात, अर्धा ते एक मिनिट. खिडकीतून जांभळट प्रकाश दिसतो. प्लाझ्मामुळे रबराच्या पृष्ठभागावर असे गट तयार होतात, जे काचेशी कायमचे रासायनिक बंध जोडतात. बाहेर काढून एकमेकांवर ठेवलं की चिकटण्याची कडा पुढे सरकताना दिसते. इथे दाबायचा मोह होतो. दाबायचं नाही, छत खाली बसतं.

हा जोड पक्का असावा लागतो, कारण बुरशी त्याची परीक्षा घेते. वाढत्या तंतूच्या आतला दाब साधारण ०.४ ते ०.५ मेगापास्कल असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास दुप्पट. जोड जिथे कच्चा तिथे तंतू काच आणि रबर यांच्यामध्ये पाचर ठोकून शिरतो आणि शेजारच्या वाटेत निघतो. न्यूझीलंडमधल्या एका गटाने तर पीडीएमएसचेच लवचिक खांब उभारून, तंतूच्या टोकाने ते किती वाकतात त्यावरून टोकाचा जोर मोजला आहे.

प्लाझ्मानंतर काही तासच वाटा पाणी ओढून घेतात, नंतर रबर पुन्हा पाण्याला दूर लोटू लागतं. म्हणून पोषकद्रव लगेच भरायचं. आम्ही बटाटा-डेक्स्ट्रोजचा पातळ केलेला रस्सा वापरतो, पूर्ण तीव्रतेचा नाही. भरपेट अन्न दिलं की दोन्ही बुरशींना इतक्या फांद्या फुटतात की भेटीच्या खोलीत नुसता गुंता होतो, आणि खरं तर मातीत त्यांना एवढं अन्न मिळतही नाही. द्रव एका भोकात टाकून दुसऱ्या बाजूने हलकेच ओढायचं. आत अडकलेला हवेचा बुडबुडा घालवायला चिप थोडा वेळ व्हॅक्युममध्ये ठेवली की रबरातूनच हवा निघून जाते. पीडीएमएसमधून वायू आरपार जातात, त्यामुळे बुरशीला ऑक्सिजनही मिळत राहतो.

याच गुणाची दुसरी बाजू सांगायला हवी. ट्रायकोडर्माच्या काही वाणांच्या प्लेटचं झाकण उघडलं की ओल्या खोबऱ्याचा गोडसर वास येतो. तो सिक्स-पेंटिल-पायरोन या बाष्पशील द्रव्याचा, आणि हे द्रव्य इतर बुरशींची वाढ रोखतं. असे पदार्थ पीडीएमएसमध्ये मुरतात आणि हवेतूनही पसरतात. म्हणजे एकाच चिपवरच्या 'एकट्या' वाटेतला फ्युजेरियमही खरा एकटा नसतो, शेजारच्या ट्रायकोडर्माचा वास त्याच्यापर्यंत पोचत असतो. त्यामुळे चिपवरच्या मोकळ्या वाटा ठेवून शिवाय फक्त फ्युजेरियम असलेली एक वेगळी चिप, वेगळ्या बंद डब्यात, प्रत्येक प्रयोगात चालवावी लागते. दोन्हींची तुलना केली की वासाचा परिणाम किती आणि स्पर्शाचा किती, हेही थोडं उलगडतं. प्लेटवर हा भेद करताच येत नाही.

वेळ जुळवणं हा वेगळाच खटाटोप. ट्रायकोडर्मा २८ अंशांना तीन-चार दिवसांत अख्खी प्लेट व्यापतो. आमच्या फ्युजेरियमला आठवडा लागतो. दोघांना एकाच वेळी सोडलं तर ट्रायकोडर्मा सगळ्या वाटा पार करून फ्युजेरियमच्या दारात जाऊन बसतो. म्हणून फ्युजेरियमचा अगारचा तुकडा आधी ठेवायचा, त्याचे तंतू वाटांच्या मध्यापर्यंत आले की मग ट्रायकोडर्माचा. कुणी किती आधी, ते प्रत्येक वाणासाठी पुन्हा ठरवावं लागतं. तुकडे ताज्या वाढीच्या कडेचेच घ्यायचे. मधल्या जुन्या भागातून घेतले की वाढ सुरू व्हायलाच उशीर होतो आणि सगळं गणित हुकतं. चिप पेट्रीप्लेटमध्ये, भोवती ओला टिश्यू, वरून पॅराफिल्मची ताणून बसणारी पट्टी. एवढ्याशा वाटेतलं पाणी उडायला काहीच वेळ लागत नाही, आणि पाणी कमी होऊन रस्सा दाट झाला की तंतू ताणाखाली येतात. मग पाहत बसायचं ते तहानलेल्या बुरशीचं वागणं.

सूक्ष्मदर्शक उलटा हवा, म्हणजे भिंग काचेखालून बघेल. दर पाच-दहा मिनिटांनी एक छायाचित्र, रात्रभर आणि दुसरा दिवसभर. इथे दोन शत्रू: खोलीचं तापमान आणि दिव्याचा रंग. एसी चालू-बंद होताना यंत्राचा धातू आकुंचन-प्रसरण पावतो आणि फोकस काही मायक्रॉनने सरकतो. आमच्या वाटाच तेवढ्या उंचीच्या, त्यामुळे तंतू धूसर होतो. भिंगासकट सगळ्याला तापमान-नियंत्रित पेटी बसवली तेव्हाच चित्रण भरवशाचं झालं. दिव्याचं म्हणाल तर ट्रायकोडर्मा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आहे. निळा प्रकाश मिळाला की तो वाढ आटोपती घेऊन हिरवे बीजाणू धरायच्या मागे लागतो. पांढऱ्या दिव्याखाली रात्रभर चित्रण केलं तर आपण दिव्याला प्रतिसाद देणारा ट्रायकोडर्मा पाहतो, फ्युजेरियमला देणारा नाही. आम्ही लाल फिल्टर लावतो आणि खोलीत अंधार ठेवतो.

आता जे पाहिलं त्याबद्दल.

फेज कॉन्ट्रास्टमध्ये, म्हणजे रंग न देता पारदर्शक पेशी ठळक दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शनात, वाढत्या तंतूच्या अगदी टोकाशी एक लहान गडद ठिपका दिसतो. त्याचं नाव स्पिट्झेनकॉर्पर. भिंत बांधायचं साहित्य घेऊन आलेल्या पुटिका, म्हणजे सूक्ष्म पिशव्या, इथे जमतात आणि इथूनच टोकाला पाठवल्या जातात. ठिपका ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला तंतू वळतो, वाढ थांबायची वेळ आली की ठिपका विरतो. फ्युजेरियमचं टोक ट्रायकोडर्मापासून काही डझन मायक्रॉनांवर असताना काही वाटांमध्ये हा ठिपका फिकट होऊन नाहीसा झाला, टोक किंचित फुगलं आणि वाढ थांबली. स्पर्श झालेलाच नव्हता. हे पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा मी तो भाग पुनःपुन्हा मागे नेऊन पाहिला. ट्रायकोडर्मा समोरच्याची चाहूल लांबूनच घेतो, भिंती पचवणाऱ्या एका विकराचं जनुक स्पर्शाआधीच जागं होतं, हे १९९९ साली चमकणाऱ्या प्रथिनाच्या मदतीने दाखवलं गेलंय. ते वाचून माहीत होतं, पण थबकलेलं टोक बघणं वेगळं.

पण प्रत्येक वाटेत असं झालं नाही, आणि मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एकाच चिपवर, तीच जोडी, तेच अन्न, तेच तापमान. एका वाटेत फ्युजेरियम थबकला. शेजारच्या वाटेत दोघं एकमेकांना घासून, जणू समोर कुणी नाहीच असे, आपापल्या दिशेने निघून गेले. तिसऱ्या वाटेत ट्रायकोडर्माने मुख्य तंतू पुढे जाऊ दिला आणि मागून एक आखूड फांदी काढून ती फ्युजेरियमच्या अंगाला चिकटवली. २० मायक्रॉनच्या खोल्यांमध्ये वेढेही दिसले, पण चित्रांवरून वाटतात तितके सर्रास नाहीत. कितीतरी वेळा समांतर चिकटून वाढणं एवढंच घडतं, आणि त्यातूनही फ्युजेरियम मरतो.

मरणं कसं दिसतं? आधी आतला प्रवाह मंदावतो. मग पोकळ्या मोठ्या होत जातात, पेशीरस दाणेदार होतो आणि शेवटी तो कप्पा रिकामा, फिकट दिसतो. खात्रीसाठी शेवटी प्रोपिडियम आयोडाइड हा चमकणारा रंग सोडतो. ज्या पेशीचं पटल फाटलंय तिच्यातच ते शिरतं आणि लाल चमकतं. तंतूंनी भरलेल्या वाटेतून ते सरकायला वेळ लागतो, तेवढा धीर धरायचा.

आणि इथे फ्युजेरियमचा चिवटपणा दिसतो. त्याच्या तंतूत ठरावीक अंतरावर आडवे पडदे असतात, पडद्याला मध्ये छिद्र असतं. एक कप्पा फुटला की वोरोनिन पिंड नावाचा घट्ट कण ते छिद्र बुजवतो आणि शेजारचा कप्पा वाचतो. आमच्या चित्रणात लाल चमकणारा मेलेला कप्पा आणि त्याला लागून अगदी निरोगी, आत हालचाल सुरू असलेला कप्पा, अशी जोडी वारंवार दिसते. काही ठिकाणी जिवंत कप्प्याने मेलेल्याच्या पोकळीतूनच नवं टोक पुढे काढलं. म्हणजे ट्रायकोडर्माने एक कप्पा मारला म्हणून तंतू मेला असं होत नाही.

दुसरी गोष्ट आणखी काळजीची. चित्रण लांबवलं, तेव्हा एका वाणासमोर फ्युजेरियमच्या थांबलेल्या तंतूंत गोल, जाड भिंतीचे कप्पे तयार होताना दिसले. हे क्लॅमिडोस्पोर, सुप्त बीजाणू. हरभऱ्याचा फ्युजेरियम यजमान पीक नसतानाही मातीत पाच-सहा वर्षं टिकतो तो यांच्याच जोरावर. हाच वाण प्लेटवर आमच्याकडे सर्वोत्तम टक्केवारीचा होता. वरून पाहिलं तर फ्युजेरियम पूर्ण झाकलेला, वाढ बंद. आत मात्र तो पुढच्या हंगामांची तरतूद करत होता. दुसरा एक वाण प्लेटवर मध्यम, पण त्याच्यासमोर असे बीजाणू विरळाच दिसले आणि मेलेले कप्पे सलग, लांबलचक होते. कुठला वाण शेतात न्यावा असं आज मला कुणी विचारलं, तर मी दुसऱ्याकडे बोट दाखवीन, आणि प्लेटची टक्केवारी हा वाण निवडीचा एकमेव निकष ठेवू नका असं आग्रहाने सांगेन.

अर्थात चिप म्हणजे माती नव्हे. चिपमध्ये जिवाणू नाहीत, सूत्रकृमी नाहीत, ओल-सुकं होत नाही, आणि मुख्य म्हणजे हरभऱ्याचं मूळ नाही. मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांनी दोन्ही बुरशींचं वागणं बदलतं. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठात एडिथ हॅमर यांच्या गटाने मातीच्या पोकळ्यांसारख्या रचनेच्या चिपा करून त्यांत मातीतले जीव पाहिले आहेत, तो मार्ग पुढचा. आम्ही त्या दिशेने छोटं पाऊल टाकलंय: रश्शाऐवजी हरभऱ्याच्या मुळांचा अर्क भरायचा, एकदा मरीला हमखास बळी पडणाऱ्या जेजी-६२ या हरभऱ्याच्या वाणाचा आणि एकदा मर-सहनशील विजय या वाणाचा. एवढं नक्की दिसलंय की अर्कात दोन्ही बुरशींना फांद्या कमी फुटतात आणि तंतू सरळ, लांब पळतात, त्यामुळे भेटी कमी पण स्वच्छ मिळतात. हरभऱ्याच्या या दोन वाणांतला फरक सांगण्याइतक्या जोड्या अजून जमलेल्या नाहीत.

मोजणीचं काम कष्टाचं आहे. प्रत्येक वाट वेगळी बघून नोंदवायचं: स्पर्शाआधी थांबला, स्पर्शानंतर थांबला, निघून गेला, वेढा, फांदी, कप्पा मेला, बीजाणू धरला. नोंद करणाऱ्याला कुठला वाण आहे हे सांगायचं नाही, कारण आवडत्या वाणाला डोळे झुकतं माप देतात. आमच्याकडे फाइलींची नावं दुसरीच व्यक्ती बदलून देते. चित्रं पाहायला आणि मोजायला फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

कृषी विद्यापीठातल्या कुणाला हे सुरू करायचं असेल, तर आधी साचा स्वतः करायच्या मागे लागू नका. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून ओतलेल्या दोन-चार चिपा मागून घ्या आणि आपली बुरशी त्या वाटेत वाढते का एवढंच बघा. डेसिकेटर, ओव्हन, वजनकाटा तुमच्याकडे असतोच. प्लाझ्मा यंत्र जवळच्या भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र विभागात विचारा, बहुतेक ठिकाणी मिळतं. पैसे घालायचे ते सूक्ष्मदर्शकाच्या तापमान-पेटीत घाला. चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलेले बुरशीचे वाण वापरायचे असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, तो अर्ज काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी टाका; तोवर फेज कॉन्ट्रास्ट आणि प्रोपिडियम आयोडाइडवर भरपूर काम होतं. आणि पहिल्याच चिपपासून एकट्या फ्युजेरियमची चिप वेगळ्या डब्यात लावायची सवय ठेवा.